चौलच्या वाटेनं गेलेला निळा रंग

माघी गणपती झाले की आमच्या भिशीच्या बायकांची सहल निघते. पेणच्या सहा जणी, रोह्याच्या पाच. पेणला तेव्हा कारखान्यांतली घाई जरा ओसरलेली असते, मुलांच्या परीक्षांना अवकाश असतो आणि ऊनही अंगावर घेण्यासारखं असतं. ठिकाणं ठरलेली. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर. येताना सोलापूरच्या चादरी आणि शेंगाची चटणी!

या वेळी मात्र दोघींनी हट्ट धरला. आमच्या शेजारच्या काकू लिंगायत वाणी. त्यांना कित्येक वर्षांपासून बसवकल्याणला जायचं होतं. दुसरी माझी ताई. पेणला राहते. तिला बिदरला जायचं होतं, तेही एक कबर बघायला!

"देवदर्शनाला निघालोय ना आपण? मग तुरबती कसल्या बघायच्या?" काकूंनी भिशीतच विचारलं. गाडीत बसल्यावरही दोनदा विचारलं. ताई काही बोलली नाही. हल्ली ती फार बोलतच नाही.

ताईची गोष्ट थोडक्यात सांगते, म्हणजे हट्टाचं कारण कळेल. सोळाव्या वर्षापासून ती गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची. आधी पाटाला रंग, मग सोंडेवरची नक्षी, मग दागिने, आणि शेवटी आखणी. पेणमध्ये डोळे रेखाटण्याला आखणी म्हणतात. अंगाचा रंग आता स्प्रेनं मारतात, पण डोळे हातानंच. ते काम सगळ्यांना देत नाहीत. ताईच्या हाताखालून किती गणपती डोळे उघडून मुंबईला गेले, याची मोजदाद नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. औषधपाणी झालं, व्यायाम झाले. कंप कमी झाला, पण गेला नाही. ज्या हातानं पापणीची रेघ एका दमात ओढायची, तो हात चहाच्या कपाला भिऊ लागला. ताईनं कारखान्यात जाणं बंद केलं. मग हळूहळू बाहेर पडणंही.

अशा ताईनं एके दिवशी मला फोन करून सांगितलं, की एका जुन्या दिवाळी अंकात तिनं बिदरच्या घुमटाचा फोटो पाहिलाय. आत निळ्या टाइल्स आहेत. "साडेचारशे वर्षं झाली म्हणे. अजून निळा तसाच आहे. कसा केला असेल गं तो निळा?" दोन वर्षांत तिनं पहिल्यांदा रंगाबद्दल काही विचारलं होतं. मग मी भिशीत ताईची बाजू नसती घेतली तर नवल!

पेणहून खोपोली, पुणे, सोलापूर, उमरगा, हुमनाबाद करत बिदर. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत तुळजापूरला आईचं दर्शन झालं. बसवकल्याणला काकूंचे डोळे भरून आले. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी जिथं जातपात बाजूला ठेवून स्त्री-पुरुषांना एकत्र बसवलं, त्या अनुभव मंटपाच्या गोष्टी त्या आम्हाला रात्री लॉजवर सांगत होत्या. त्या मंटपाचे अध्यक्ष अल्लमप्रभू. हे नाव लक्षात ठेवा. पुढं कामाला येणार आहे.

सकाळी बिदरमध्ये शिरलो आणि आमच्यातली एक जण ओरडली, "अगं, हा तर जांभा!" खरंच की! बिदरचं पठार आपल्यासारखंच तांबड्या जांभ्याचं. किल्ल्याच्या भिंतीसुद्धा तांबूस. बाजारात मराठी सर्रास ऐकू येतं. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. पण भालकी, बसवकल्याण, बिदर इथल्या कितीतरी घरांत आजही मराठीच बोलतात. रिक्षावाल्यानं आम्हाला "कुठून आलात आक्का?" असं विचारलं, तेव्हाच निम्मा प्रवासाचा शीण गेला.

शहराच्या पूर्वेला तीनेक किलोमीटरवर अष्टूर नावाचं गाव आहे. शेतात ओळीनं उभे असलेले बहामनी सुलतानांचे घुमट. आपल्याकडे मुरुडजवळ खोकरीचे घुमट आहेत ना, सिद्दींचे, ते तीनच. त्यांचं सौंदर्य दगडात. इथं हा मोठा गोतावळा, आणि त्यात रंग!

गावाकडे जाताना आधी चौखंडी लागते. आठ कोनांची, दुमजली, वर आभाळ मोकळं. इराणमधल्या किरमानचे सूफी संत शाह नियामतुल्ला यांचे पुत्र खलीलुल्ला यांची ही कबर. सुलतान अहमदशहा या घराण्याचा भक्त. त्याच्या बोलावण्यावरून हे कुटुंब १४३१ च्या सुमारास इराण सोडून बिदरला आलं. दारावरच्या काळ्या दगडात अक्षरं अशी कोरली आहेत, की वेल चढत गेल्यासारखी वाटतात. अक्षरं लिहिणाऱ्या शिराझच्या मुघीसचं नावही तिथंच कोरलंय. भिंतींवर काळ्या दगडाच्या दोरखंडासारख्या नक्षीच्या चौकटी आहेत. चौकटींच्या आत एकेकाळी रंगीत टाइल्स होत्या. आता बहुतेक चौकटी रिकाम्या.

ताईनं एका रिकाम्या चौकटीवर हात ठेवला. "फोटो काढून नेलेली फ्रेम वाटते," एवढंच म्हणाली.

पुढं खुद्द अहमदशहाचा घुमट. यानंच गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला आणली. राज्य केलं १४२२ ते १४३६. दुष्काळात त्यानं माळावर जाऊन प्रार्थना केली आणि पाऊस आला, तेव्हापासून लोक त्याला 'वली', म्हणजे संत म्हणू लागले, अशी कथा जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. आत मिट्ट काळोख. वाटलं, काय बघायचं इथं? तेवढ्यात तिथले चाचा आरसा घेऊन आले. दाराबाहेरचं ऊन त्यांनी आरशात धरलं आणि वर छताकडे फेकलं. अहाहा! लाल, सोनेरी, निळा, हिरवा. रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या चांदण्या, गालिच्यासारखी वेलबुट्टी, अक्षरांच्या माळा. कवडसा सरकेल तसं छत उलगडत गेलं. आम्ही दहा जणी माना वर करून गप्प! ही टाइल्सची कामगिरी नव्हे, गिलाव्यावरचं रंगकाम. ते करणाऱ्याचं नाव तिथं आहे. काझवीनचा शुक्रुल्ला.

काकू मात्र उंबऱ्याबाहेर चपला घालून उभ्या होत्या. चाचांनी विचारलं, "त्या आक्का का येत नाहीत?" कुणीतरी सांगून टाकलं, की त्या लिंगायत आहेत, बसवकल्याणहून आलोय आम्ही. चाचा हसले. म्हणाले, "मग तर त्यांचाच हक्क आहे. यांचा उरूस जंगम येऊन सुरू करतात."

आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतायत. पण हे खरं आहे. होळीनंतर, हिंदू तिथी बघून, इथं उरूस भरतो. गुलबर्गा भागातून जंगम आपल्या माणसांसह चालत येतात, शंख वाजवतात, फुलं वाहतात, आणि मग उरूस सुरू होतो. लिंगायत भक्त अहमदशहाला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. मुसलमान त्याला वली मानतात. शेकडो वर्षं हे चाललंय.

काकूंनी ते दोनदा ऐकलं. मग काही न बोलता चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि आत आल्या. बाहेर आल्यावर ताईला म्हणाल्या, "तू हट्ट धरलास म्हणून. नाहीतर मी गाडीतच बसून राहिले असते."

शेजारी त्याच्या मुलाचा, अलाउद्दीनचा घुमट. तो वारला १४५८ मध्ये. याच्या दर्शनी भिंतीवर टाइल्सचे तुकडे अजून तग धरून आहेत. फिका निळा, गर्द निळा, पांढरा. मूळ भिंत पूर्ण मढवलेली असताना उन्हात कशी चमकत असेल, याची कल्पना त्या तुकड्यांवरून करायची. त्याच्यापुढे हुमायूनचा घुमट. वीज पडून निम्मा कोसळलेला, अर्ध्या कापलेल्या नारळासारखा उघडा. हा हुमायून 'जालीम' म्हणून बदनाम. १४६१ मध्ये तो मेला, तेव्हा गादीवर बसायला आठ वर्षांचा मुलगा.

आणि इथं गोष्टीत एक बाई येते. त्या मुलाची आई, राजमाता मखदूमा-ए-जहान नर्गिस बेगम. नवरा गेलेला, मुलगा लहान, शेजारची राज्यं टपलेली. तिनं पडद्याआडून कारभार हातात घेतला. सोबतीला दोन सरदार, त्यातला एक महमूद गवान. मोठा मुलगा १४६३ मध्ये वारला. तिनं धाकट्याला गादीवर बसवलं आणि तो हाताशी येईपर्यंत राज्य सांभाळलं. मग स्वतःहून बाजूला झाली. शाळेत आम्ही बहामनी राज्याच्या सनावळ्या पाठ केल्या होत्या. त्यात ही बाई कुठं होती? नवऱ्याच्या त्या फुटक्या घुमटाजवळच तिची कबर दाखवतात.

दुपारी शहरात महमूद गवानचा मदरसा पाहिला. हा गवान इराणच्या गिलान प्रांतातला. व्यापारी म्हणून १४५३ मध्ये दाभोळ बंदरात उतरला आणि बिदरचा वजीर झाला. आपल्या कोकणात त्यानं खेळणा, म्हणजे विशाळगडाच्या बाजूला मोठ्या मोहिमा केल्या, गोवाही घेतलं. त्याच वर्षांत, १४७२ च्या सुमारास, हे तीन मजली विद्यापीठ बांधलं. देशोदेशींचे विद्वान, हजारो हस्तलिखितं आणि बाहेरून सगळी इमारत टाइल्सनी मढवलेली! ज्यानं हे केलं, त्याला १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आळावर सुलतानानं मारलं. पुढं औरंगजेबाच्या काळात, १६९६ च्या सुमारास, इथं साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि एक मिनार गेला. उरलेल्या मिनारावर नागमोडी पट्ट्यांत हिरवा, निळा, पिवळा अजून लखलखतो.

तिथं एका जाणत्या माणसानं आम्हाला या कामाचं नाव सांगितलं. काशीकाम. "म्हणजे आपली काशी?" आमच्यातल्या एकीचा प्रश्न. नव्हे! इराणमध्ये काशान नावाचं शहर आहे. तिथल्या टाइल्स इतक्या नावाजलेल्या, की टाइललाच 'काशी' म्हणू लागले. निळ्याचं गुपितही समजलं. गर्द निळा कोबाल्टचा, फिका निळा तांब्याचा. काचेसारख्या झिलईत ते मिसळून फरशीवर चढवायचं आणि भट्टीत भाजायचं. काही ठिकाणी तर एकेका रंगाची फरशी भाजून, नक्षीच्या आकारात तुकडे कापून, शेजारी शेजारी जडवून चित्र करायचं. गोधडी शिवतो तसं.

"भट्टीत घालायच्या आधी कोबाल्ट काळपटच दिसतो," त्यानं सांगितलं.

ताई थांबली. "म्हणजे रंग लावताना रंग दिसतच नाही? मग हाताला कसं कळत असेल?"

"सवयीनं," तो म्हणाला.

आता एक प्रश्न तुम्हालाही पडला असेल. इराण कुठं, बिदर कुठं! हे सगळं आलं कोणत्या वाटेनं? उत्तर ऐकून आम्ही उडालोच. आपल्या वाटेनं! दाभोळ आणि चौल ही बहामनी राज्याची मोठी बंदरं. होर्मुझहून अरबी-इराणी घोडे जहाजात घालून इथं उतरवत. त्याच जहाजांतून व्यापारी येत, सूफी येत, कारागीर येत. अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी साधारण १४७० च्या आसपास असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला. गोरा माणूस बघायला लोक त्याच्या मागं मागं फिरत होते, असं त्यानं लिहून ठेवलंय. चौलहून तो निघाला, घाट चढून जुन्नरला गेला आणि तिथून बिदरला. त्याच्या लिखाणात वाटेवरच्या पालीचं नाव येतं. ती आपली बल्लाळेश्वराचीच पाली, असं काही अभ्यासक मानतात. बिदरला त्यानं घोडा विकला, सुलतानाची मिरवणूक पाहिली आणि परत जाताना दाभोळहून जहाज पकडलं. घरी मात्र पोचला नाही, वाटेतच वारला. त्याच्यावर १९५७ मध्ये 'परदेसी' नावाचा सिनेमा निघाला होता. त्यात नर्गिस होती. आमच्यातल्या जुन्या जाणत्या मैत्रिणींनी तो पाहिलेला! रेवदंड्याला शाळेच्या आवारात निकितीनचा स्मृतिस्तंभ आहे. आम्ही चौलच्या दत्ताला दरवर्षी जातो, पण त्या स्तंभाकडे कधी वळून पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी, ताईनं फोटोत पाहिला होता तो घुमट. शहराच्या पश्चिमेला, उदगीर रस्त्यावर, बरीदशाही घुमटांचा बगीचा आहे. बहामनी राज्य मोडलं, त्यातून पाच राज्यं झाली. बिदरचं राज्य बरीदशहांचं. त्यातला अली बरीद १५४२ ते १५८० असा गादीवर होता. विजयनगरचा पाडाव झाला त्या १५६५ च्या लढाईत तोही होता. त्यानं आपली कबर हयातीतच, १५७७ च्या सुमारास बांधून घेतली. बिदरला येणारे किल्ला बघतात, गुरुद्वारा बघतात, नरसिंह झरणी करतात. इकडे येतात ते बहुतेक गावातलेच, फिरायला. आम्ही गेलो तेव्हाही काही आज्या चपला हातात घेऊन गवतावरून चालत होत्या.

हा घुमट इतर घुमटांसारखा बंदिस्त नाही. चारी बाजूंना उंच कमानी, दारं नाहीत. वारा आरपार जातो, ऊनही. मध्ये काळ्या, तुळतुळीत दगडाची कबर. आणि मान वर केली की भिंतींवर त्या निळ्या पट्ट्या! गर्द निळ्यावर पांढरी अक्षरं, मधूनच पिवळा, हिरवा. कुराणातली वचनं आणि अत्तार या फारसी कवीच्या ओळी. आम्हाला वाचता येत नव्हतं. पण पैठणीच्या काठाचं वळण कळायला विणकराची भाषा कुठं यावी लागते? मावळतीचं ऊन पश्चिमेच्या कमानीतून आलं आणि समोरची भिंत ओली झाल्यासारखी चमकली.

ताई त्या भिंतीखाली उभी राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाकीच्या फोटो काढून झाल्या, शेंगदाणे खाऊन झाल्या. मी तिच्याजवळ गेले तर ती बोटानं हवेत काहीतरी गिरवत होती.

"ते बघ," ती म्हणाली. "तिसऱ्या अक्षराची शेपटी. बाकीच्या सगळ्या एका वळणाच्या आहेत. ती बघ कशी गेलीय."

मी पाहिलं. मला आधी काही दिसेना. मग दिसलं. रेघ किंचित जाड होऊन बारीक झाली होती, आणि पुढच्या फुलाची पाकळी तेवढी आत सरकवलेली.

"इथं हात हलला होता त्याचा. मग त्यानं फूल जरा आत घेतलं. सांभाळून घेतलं." जरा थांबून म्हणाली, "साडेचारशे वर्षं कुणाला दिसलं नाही."

तिला दिसलं ते खरंच कारागिराच्या हाताचं असेल, की नंतरच्या कुण्या दुरुस्तीचं, हे मी काही सांगू शकत नाही. पण चाळीस वर्षं रेघा ओढलेल्या बाईचा डोळा होता तो. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघीही रडलो असतो.

बाहेर एका चौथऱ्यावर लहान लहान कबरी ओळीनं मांडलेल्या आहेत. आम्ही मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं. कुणाच्या, विचारलं तर सांगितलं, राजाच्या जनानखान्यातल्या बायकांच्या. निरनिराळ्या मुलखांतून आणलेल्या. एकीवरही नाव नाही. आत राजाच्या भोवती एवढी अक्षरं, आणि इथं एकही अक्षर नाही.

आमच्या गप्पा बंद झाल्या. काकूंनी वेणीतला गजरा काढला, दोऱ्यातून फुलं सुटी केली आणि जमतील तेवढ्या कबरींवर एकेक ठेवत गेल्या. सकाळी "तुरबती कसल्या बघायच्या" म्हणणाऱ्या त्याच काकू! फुलं संपली तेव्हा म्हणाल्या, "कुणाच्या तरी लेकी होत्या गं."

ताई मला हळूच म्हणाली, "आपल्या मूर्तीवर कुठं असतं नाव? कारखान्याच्या पाटीवर मालकाचं असतं. डोळे कुणी आखले ते कुठं लिहितात?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. लक्षात आलं ते तिनं सांगितलं, एवढंच.

मैत्रिणींनो, एक गोष्ट मात्र मनाला लागली. मदरशात काय, अष्टूरला काय, जिथं हात पोचतो तिथं टाइल्स जवळजवळ नाहीतच. उंचावर आहेत त्या वाचल्या. ऊन, पाऊस, वीज, स्फोट यांनी नेल्या त्या नेल्या. पण काही नुसत्या बोटांनी गेल्यात. आणि भिंतीवर बाण मारून कोरलेली नावं आहेतच. आमच्याच बसमधल्या एका मैत्रिणीच्या लेकानं जमिनीवरचा नखाएवढा निळा तुकडा उचलून खिशात टाकला होता. "आठवण" म्हणून! त्याच्या आईनं तो त्याच्याकडून घेतला आणि तिथल्या रखवालदाराच्या हातात दिला. पोराला राग आला. पण ताईनं त्याला जवळ घेऊन विचारलं, "आपल्या बाप्पाचा एक डोळा कुणी आठवण म्हणून काढून नेला तर?" पोरगा गप्प झाला. संरक्षित वास्तूला इजा केली तर २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. पण कायदा सांगण्यापेक्षा बाप्पाचा डोळा जास्त चालला, हे खरं.

दख्खनच्या सुलतानी वास्तूंची नावं भारतानं २०१४ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दिली, त्यात बिदरही आहे. यादीत नाव येणं ही पहिली पायरी. राखायचं काम जाणाऱ्या-येणाऱ्यांचंही.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी दोन गोष्टी केल्या. एक, नौबादची करेज पाहिली. इराणी पद्धतीचा जमिनीखालचा पाण्याचा बोगदा, वरून ठरावीक अंतरावर विहिरींसारखी तोंडं. डोंगराच्या पोटातलं पाणी उताराउतारानं गावाकडे आणायचं, ना मोट ना पंप. कित्येक वर्षं गाळानं बुजलेली ही करेज अलीकडच्या काळात साफ केली, तेव्हा आत पुन्हा पाणी दिसलं. आमच्यातल्या दोघी पेणच्या खारेपाटातल्या. समोर खाडी आणि घरात हंडे रिकामे, टँकरची वाट बघण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली अशा. त्या दोघी त्या तोंडातून कितीतरी वेळ खाली वाकून बघत होत्या. राजाची कबर त्यांनी इतक्या मनानं पाहिली नव्हती!

दुसरी गोष्ट, बिदरीची खरेदी. जस्त आणि थोडंसं तांबं यांच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून बसवतात. मग किल्ल्यातली खास माती आणि नवसागर घातलेल्या पाण्यात भांडं बुडवतात. धातू काळाकुट्ट होतो, चांदी मात्र तशीच पांढरी राहते. हीही कला इराणच्या वाटेनंच आलेली. कुणी डबी घेतली, कुणी कानातलं. ताईनं काही घेतलं नाही. कारागीर तार कशी दाबतो ते बघत बसली.

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. मुंबईहून पुणे, लातूरमार्गे बिदरला रात्रीची रेल्वे आहे. गाडी करून गेलात तर तुळजापूर, नळदुर्ग, बसवकल्याण वाटेवरच. अष्टूरला सकाळी लवकर जा, म्हणजे आरशात धरायला ऊन मिळतं. सोबत छोटी बॅटरी ठेवा. डोकं झाकायला ओढणी किंवा पदर, सहज काढता येतील अशा चपला आणि पाण्याची बाटली पुरे. अली बरीदच्या घुमटाला मात्र संध्याकाळीच जा. मावळतीचं ऊन आत येतं तेव्हा. एका दिवसात सगळं उरकू नका. दोन दिवस काढा. किल्ल्यातला रंगीन महालही अली बरीदनंच सजवलेला. काळ्या दगडात शिंपले जडवलेत. तो बहुतेकदा कुलपात असतो, आधी चौकशी करून ठेवलेली बरी.

परत आल्याला आता महिना झाला. ताईचा हात पूर्वीसारखा झाला का? नाही. आमच्यासारख्यांच्या गोष्टीत असे चमत्कार होत नाहीत. डोळे ती अजून आखत नाही. पण परवा मी रोह्याहून पेणला गेले तर घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, कारखान्यात असतील.

मी गेले. चार मुली मूर्तींपुढे बसलेल्या, ब्रश हातात धरून, श्वास रोखून. ताई त्यांच्या पाठीमागं उभी. एकीची रेघ पापणीशी हलली. मुलगी घाबरली, ओला कपडा घेऊन पुसायला निघाली.

"थांब, पुसू नकोस," ताई म्हणाली. "भुवई जरा खाली घे. सांभाळून घे त्याला."

मुलीनं भुवई खाली घेतली. मूर्तीनं डोळे उघडले. हात हलला होता हे आता आम्हा तिघींनाच माहीत आहे.